न तुटलेला तुकडा

रक्ताच्या नळीचं झाकण जांभळं असतं. नळीच्या आतल्या भिंतीवर ईडीटीएचा पातळ थर असतो. रक्त गोठायला लागणारं कॅल्शियम तो धरून ठेवतो, आणि कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही. मॅग्नेशियम हाताशी नसलं की डीएनए कुरतडणारी बहुतेक विकरं हतबल होतात. भामरागडच्या दवाखान्यात एखाद्या मुलीच्या दंडाला पट्टा बांधून दोन मिलिलिटर रक्त घेतलं, नळी हलकेच उलटीपालटी केली, की त्या क्षणापासून तिच्या डीएनएभोवती पहारा बसतो. मग बर्फाच्या डब्यातून ते रक्त आलापल्लीच्या सागवानातून, आष्टीजवळ वैनगंगा ओलांडून, गोंडपिपरीवरून चंद्रपूरला यायचं. पर्लकोटेला पूर असेल तर तेही नाही. पूर उतरेपर्यंत गावही थांबतं आणि नळीही.

एवढं जपून आणायचं आणि आणल्यावर कापायचं. कापण्याआधी तो पहारा उठवावा लागतो. डीएनए धुऊन घ्यायचा, ईडीटीए जाऊ द्यायचं, आणि मोजून मॅग्नेशियम घालायचं. जपणं आणि कापणं यांच्यामध्ये एका क्षाराचं अंतर आहे. मी हे काम नागपूरला शिकले, आता चंद्रपुरात शिकवते. थंड अल्कोहोलमध्ये डीएनएचे पांढरे धागे उमटू लागले की समोरच्या मुलांइतकीच मीही अजून वाकून पाहते. एका पेशीतला डीएनए उलगडला तर सुमारे दोन मीटर भरेल. आणि तो मिळतो पांढऱ्या पेशींतून. आपल्याकडच्या जंगलात ज्या आजारासाठी हे सगळं करायचं, त्या सिकलसेलमध्ये विळ्यासारखी वाकते ती तांबडी पेशी; पण पिकलेल्या तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, डीएनएच नसतो. दुखणं एकीचं आणि साक्ष दुसरीची.

हा धागा अखंड वाचता येत नाही, म्हणून त्याचे तुकडे करायचे. ते करण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा.

पहिली रीत आवाजाची. डीएनए इतका लांब आणि इतका बारीक असतो की तो नुसता पिपेटच्या अरुंद टोकातून जोरात ओढला तरी तुटतो. लांब ठेवायचा असेल तर आम्ही टोक कापून रुंद करतो आणि श्वास धरल्यासारखं हळू काम करतो. तोडायचा असेल तेव्हा याच दुबळेपणाचा उपयोग करायचा. गार पाण्यात नळी ठेवून तिच्यात कानाला न ऐकू येणारा ध्वनी सोडायचा. पाण्यात सूक्ष्म बुडबुडे होतात, फुटतात, त्यांच्या ओढाताणीत धागा तुटतो. कुठे तुटेल ते कुणालाच सांगता येत नाही; पण किती लांबीचे तुकडे पडतील ते मात्र वेळ आणि जोर बदलून ठरवता येतं. तीनशे अक्षरांचे हवेत, तर साधारण तीनशेचे मिळतात. वाचणारं यंत्र अशा तुकड्याची दोन्ही टोकं दीडदीडशे अक्षरं वाचतं. एकाच धाग्याच्या कितीतरी प्रती वेगवेगळ्या जागी तुटलेल्या असल्यामुळे एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या मध्यावर येतो, आणि अशा एकमेकांवर आलेल्या काठांवरून संगणक मूळ मजकूर परत जुळवतो. सगळ्या प्रती एकाच जागी तुटल्या असत्या तर जोडायला काठच उरले नसते. या रीतीत स्वैरपणा हीच शिस्त आहे.

दुसरी रीत ओळखीची, आणि माझा जीव तिच्यावर जास्त आहे. जिवाणूंवर विषाणूंचे हल्ले होतात. विषाणू आपला डीएनए जिवाणूत सोडतो, आणि जिवाणू त्याचे तुकडे करतो. त्यासाठी त्याच्याकडे अशी विकरं असतात की जी डीएनएमधला एक ठरावीक छोटा शब्द शोधतात आणि फक्त तिथेच कापतात. स्वतःच्या डीएनएमध्ये तोच शब्द आला तर त्यावर जिवाणूने आधीच एक छोटी रासायनिक खूण करून ठेवलेली असते, म्हणून घरचा धागा वाचतो. वेर्नर आर्बर यांनी ही गोष्ट उलगडली, हॅमिल्टन स्मिथ यांनी 1970 मध्ये असं एक विकर वेगळं काढून त्याचा शब्द ओळखला, आणि डॅनियल नेथन्स यांनी 1971 मध्ये एका विषाणूच्या डीएनएचे त्याच विकराने अकरा तुकडे करून दाखवले. 1978 चं नोबेल तिघांना मिळालं. रेस्ट्रिक्शन एन्झाइम हे त्यांचं नाव आता बारावीच्या पुस्तकात आहे. विकर धाग्याच्या अंगावरून सरकत जातं, आमच्याकडचा बुरूड बांबू फोडण्याआधी पेरं चाचपत जातो तसं. शब्द भेटला की थांबतं आणि कापतं. नाही भेटला तर पुढे जातं.

हे काम 37 अंशांवर चालतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेत. विकराची बाटली मात्र उणे 20 वर ठेवायची, आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 वर गेलेला असताना त्या दोन आकड्यांमधलं अंतर सांभाळणं हाच अर्धा प्रयोग असतो. विकर ग्लिसरॉलमध्ये ठेवलेलं असतं. लवकर व्हावं म्हणून ते जास्त ओतलं, की ग्लिसरॉल वाढतं, विकराची पारख ढिली पडते, आणि ते आपल्या शब्दासारख्या दिसणाऱ्या भलत्याच शब्दांवर कापू लागतं. तुकडे मिळतात, भरपूर मिळतात, पण त्यांना अर्थ उरत नाही. मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण कापण्याचं सामर्थ्य आणि कापण्याची समज या वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्वच्छ मला कुठे दिसलेलं नाही.

आता सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचा जो मजकूर आहे, त्यात सुरुवातीलाच एके ठिकाणी सी-सी-टी-जी-ए-जी-जी अशी सात अक्षरं येतात. ज्याला सिकलसेल आहे, त्याच्याकडे त्यातल्या 'ए'च्या जागी 'टी' असतो. बस्स, तेवढंच. त्या एका अक्षराने ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन येतं, प्राणवायू सोडला की हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि मूल रात्रभर हातपाय आखडून रडतं.

एमएसटी-टू नावाच्या विकराचा शब्द नेमका हाच आहे: सी-सी-टी, मग कुठलंही एक अक्षर, मग ए-जी-जी. निरोगी जनुकात हा शब्द शाबूत असतो, म्हणून विकर तिथे कापतं आणि अकराशे पन्नास अक्षरांचा तुकडा मिळतो. सिकलच्या जनुकात शब्द मोडलेला असतो. विकर तिथे येतं, त्याला ओळख पटत नाही, ते पुढे निघून जातं, आणि तुकडा साडेतेराशे अक्षरांचा राहतो. जेलमध्ये विजेच्या ओढीने लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे रेंगाळतो. फक्त पुढची पट्टी दिसली तर निरोगी, फक्त मागची दिसली तर आजार. दोन्ही दिसल्या तर वाहक: एक जनुक आईकडून, एक बापाकडून, आणि त्यातलं एकच मोडलेलं. आमच्या भागात याला एएस पॅटर्न म्हणतात आणि आजाराला एसएस. गावातली आजीसुद्धा 'नातीचा एएस निघाला' असं म्हणते. ही तपासणी 1982 मध्ये प्रसिद्ध झाली. चंद्रपूर जिल्ह्याचे दोन भाग होऊन गडचिरोली वेगळा झाला, तोही त्याच वर्षी, 26 ऑगस्टला.

मला यातली जी गोष्ट सोडत नाही ती ही, की इथे उत्तर कापण्यातून येत नाही. सुरी सगळीकडे चालते, आणि एका जागी चालत नाही. रोग तिथे असतो. कापणाऱ्याने न कापलेल्या जागेकडे पाहायचं असतं.

आज गावपातळीवर एवढा खटाटोप कुणी करत नाही, करण्याची गरजही नाही. बोटाच्या थेंबावर सोल्युबिलिटी टेस्ट होते, द्रावण गढूळ झालं की संशय, मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीवर खात्री. डीएनएपर्यंत जावं लागतं ते गर्भाच्या निदानासाठी, गुंतागुंतीच्या जोड्यांसाठी, संशोधनासाठी. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र चंद्रपुरात आहे. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचं लोकार्पण झालं. जिथे आजार आहे तिथेच त्याची प्रयोगशाळा असावी, ही मागणी साधी होती आणि ती पुरी व्हायला फार काळ गेला.

खरं तर सिकलसेलची सगळी कहाणीच कापून पाहण्याची आहे. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये विळ्यासारख्या पेशींची नोंद केली. लायनस पॉलिंग यांनी 1949 मध्ये दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं आहे. रेणूचा आजार असं त्याला त्यांनी म्हटलं. पण वेगळेपणा नेमका कुठे? व्हर्नन इन्ग्रम यांनी 1956 मध्ये ट्रिप्सिनने हिमोग्लोबिन कापलं आणि तुकडे कागदावर पसरले. तिसाच्या आसपास डाग पडले. निरोगी आणि आजारी, दोघांचे सगळे डाग सारखे, फक्त एक जागचा हललेला. डीएनए कापण्याची विद्या यायला तेव्हा अजून दीड दशक होतं, आणि तरी प्रश्न विचारायची रीत तीच होती.

मग हा मोडका शब्द इतक्या पिढ्या टिकला कसा? अँथनी अॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या कामावरून उत्तर दिलं: वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. गडचिरोलीत हे उत्तर कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मलेरियाच्या राज्यभरच्या आकडेवारीत या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं अगदी वरच्या नावांत राहिलं आहे. ज्या जंगलाने मोह दिला, तेंदू दिला, बांबू दिला, त्याच्याच डासाने माडिया, गोंड, परधान आणि इथल्या इतर अनेक समाजांच्या रक्तात हे अक्षर जपून ठेवलं. एक प्रत मिळाली तर मूल तापातून वाचायचं, दोन मिळाल्या तर जायचं. हा हिशेब क्रूर आहे, आणि तो कुणाच्याही चुकीने झालेला नाही. रक्ताला जात चिकटवून 'हा अमक्यांचा आजार' म्हणणाऱ्यांना मी हे पुन्हा पुन्हा ऐकवते.

कापण्याची विद्या पुढे आणखी एका वाटेने गेली. मोडक्या अक्षराच्या आजूबाजूला, दूरवर, कुठली विकरं कुठे कापतात आणि कुठे नाही, याचा एक नमुना तयार होतो. 1980 च्या दशकापासून या नमुन्यांवरून जगभरच्या सिकल जनुकांचे पाच प्रकार ठरत गेले. चार आफ्रिकेतले: सेनेगल, बेनिन, बांटू, कॅमेरून. पाचवा अरब-भारतीय. आपल्याकडच्या प्रकारात एक्सएमएन-वन या विकराची एक जागा असते, आणि तिच्या सोबतीने गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्यापैकी टिकून राहतं. ते सिकलच्या दोरांना आड येतं, म्हणून आजाराची धार थोडी कमी होते. थोडीच. 'भारतातला सिकलसेल सौम्य असतो' हे वाक्य पुस्तकांतून इतकं फिरलं, की विदर्भातल्या मुलांचं दुखणं त्याखाली दडपलं गेलं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांनी ही मुलं वर्षानुवर्षं वॉर्डात पाहिली आणि लिहून दाखवलं, की इथेही वेदनेचे झटके आहेत, जंतुसंसर्ग आहे, लहान वयातले मृत्यू आहेत.

पाच नमुने म्हणजे पाच वेगवेगळे उगम, भारतातला सिकलसेल आफ्रिकेपेक्षा स्वतंत्र, असंच मलाही शिकवलं गेलं होतं. मग 2018 मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचून केलेला एक अभ्यास आला. त्याने मांडलं, की हे अक्षर एकदाच बदललं, सुमारे 7,300 वर्षांपूर्वी, आफ्रिकेत. बाकीचे फरक त्याच्या आजूबाजूला नंतर साचले. जे ठरावीक जागी कापून पाच वेगळे दिसले, ते स्वैर तुकडे करून, काठाला काठ जुळवून वाचल्यावर एक निघालं. हे वाचलं तेव्हा मी भारावून गेले होते. कुठल्या तरी एका बाळाच्या एका अक्षरापासून सेनेगलच्या किनाऱ्यापर्यंत आणि इंद्रावतीच्या काठापर्यंत, माणसं चालत, होड्यांतून, लग्नांतून हे घेऊन आली असतील.

पण रक्त देणाऱ्याला यातलं काय मिळतं?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीत कामाला आले, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनात सिकलसेल होता. जिल्ह्यात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे हे त्यांनी दाखवलं. आणि पुढे त्यांनीच मोकळेपणाने सांगितलं, की लोकांच्या लेखी ती त्यांची निकडीची गरज नव्हती. लोकांवर केलेलं संशोधन आणि लोकांसाठी केलेलं संशोधन यात फरक असतो. या गोष्टीबद्दल मला त्या दोघांविषयी फार आदर वाटतो. विज्ञानाच्या दृष्टीने तो शोध पक्का होता. तरीही त्यांनी लोकांचं ऐकून आपल्या कामाचा क्रम बदलला, बाळांच्या मृत्यूंकडे वळले, आणि तिथून पुढे जगाने ज्याची दखल घेतली ते घरोघरच्या नवजात बालसेवेचं काम उभं राहिलं.

आज परिस्थिती वेगळी आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. आश्रमशाळांत शिबिरं लागतात, रांगा लागतात, बोटांना सुया टोचल्या जातात, कार्डं वाटली जातात. हे व्हायलाच हवं होतं. मला काळजी वाटते ती कार्ड हातात पडल्यानंतरच्या दिवसांची. एका शिबिरात अकरावीतली मुलगी समुपदेशक ताईंना विचारत होती, "मले तं काहीच होत नाही, मंग मी बिमार कायची?" ताई तिला परोपरीने सांगत होत्या की तू आजारी नाहीसच, तू वाहक आहेस. मुलगी ऐकत होती, पण तिच्या मागे उभ्या असलेल्या मामीने तेवढ्यात काय ते ठरवून टाकलेलं मला दिसलं.

माडिया-गोंड कुटुंबांत मामे-आतेभावंडांची सोयरीक मानाची असते. एका रक्ताच्या दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव तिथे अर्थातच जास्त, आणि दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. म्हणून भिंतींवर लिहिलेलं असतं, की वाहकाने वाहकाशी लग्न करू नये. सूचना चुकीची नाही. पण छोट्या गावात ती मुलीच्या अंगावर येते. मुलाचं कार्ड घडीत राहतं, मुलीचं चारचौघांत उघडतं. लग्न झालंच असेल तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते, हे भिंतीवर लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. प्रयोगशाळेत आम्ही तापमान पाळतो, क्षार पाळतो, वेळ पाळतो, कारण यातलं एक सुटलं तर विकर नको तिथे कापतं. तपासणीचा निकाल घरात शिरतो, तेव्हा त्याच्यासोबत अर्धा तास बोलणारं, माडिया जाणणारं माणूस असणं ही तितकीच सक्तीची अट मानायला हवी. एक वेळ तपासण्यांची संख्या कमी झाली तरी चालेल.

आणि आता कापणं हेच औषध होऊ घातलंय. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेने क्रिस्पर तंत्रावरचा सिकलसेलचा पहिला उपचार मान्य केला. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढून त्यांच्या डीएनएमध्ये एका जागी काप द्यायचा. ही जागा सिकलच्या मोडक्या अक्षराची नव्हे. गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद करणारी जी कळ आहे, तिच्यात काप द्यायचा, म्हणजे ते पुन्हा वाहू लागतं. एक्सएमएन-वनच्या त्या जागेसोबत आमच्या लोकांना वारशाने जे थोडंथोडं मिळालेलं आहे, तेच हा उपचार भरभरून देऊ पाहतो. अमेरिकेतली त्याची किंमत बावीस लाख डॉलर. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने विकसित केलेल्या देशी क्रिस्पर उपचाराची घोषणा झाली, आणि त्याला बिरसा मुंडा यांचं नाव दिलं गेलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे ते तंत्र सोपवलं आहे. हे नाव त्याने सार्थ करावं, स्वस्त व्हावं, आलापल्लीच्या पलीकडे पोचावं, असं मला मनापासून वाटतं.

तोवर जे आहे ते फार साधं आहे आणि ते आजच पोचवता येतं. गर्भातलं हिमोग्लोबिन पहिले काही महिने बाळाला सांभाळतं. ते ओसरू लागलं की आजार डोकं वर काढतो. म्हणून निदान जन्मल्याबरोबर व्हायला हवं, टाचेच्या एका थेंबावर. त्यानंतरचं सगळं समुपदेशक ताई एका आईला सांगत होत्या, तिच्या मांडीवर चार महिन्यांचं एसएसचं बाळ होतं. पेनिसिलिन रोज दोन वेळा, पाच वर्षांचा होईपर्यंत, एक दिवस चुकवायचं नाही. न्युमोनियाची लस. फॉलिक अॅसिडची गोळी. पाणी सतत, उन्हाळ्यात जास्तच. मोठा झाल्यावर डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिलं तर घाबरून थांबवायचं नाही. ताप आला तर पुजाऱ्याकडे जा हवं तर, पण त्याच दिवशी दवाखान्यात ये. मग ताईंनी त्या आईचा हात हातात घेतला, बाळाच्या डाव्या बरगडीखाली टेकवला आणि पानथरी कशी चाचपायची ते दाखवलं: रोज अशीच बघ, एखाद्या दिवशी मोठी लागली, पोर पांढरं पडलं, तर सकाळची वाट पाहायची नाही, जी गाडी मिळेल ती पकडायची.